एका गजराने थांबलेली सिम्फनी

१० जानेवारी २०१२, मंगळवारची रात्र. न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमधलं एव्हरी फिशर सभागृह (आज त्याचं नाव डेव्हिड गेफन सभागृह), अडीच हजारांहून जास्त खुर्च्या, मंचावर न्यूयॉर्क फिलहार्मोनिक हा वाद्यवृंद आणि संचालनाला ॲलन गिल्बर्ट. गुस्ताव मालर या संगीतकाराची नववी सिम्फनी, म्हणजे वाद्यवृंदासाठीची मोठी रचना, चालू होती. चार भागांची ही रचना साधारण ऐंशी मिनिटं चालते. चौथा भाग शेवटाकडे उतरत होता, तंतुवाद्यं अगदी हलक्या हाताने वाजत होती, आणि त्याच वेळी पहिल्या रांगेतून आयफोनचा तो सगळ्यांच्या ओळखीचा ‘मरिम्बा’ नावाचा घंटीचा सूर सुरू झाला.

गिल्बर्टनी आधी फक्त मान वळवून पाहिलं. एवढ्याने बहुतेकदा काम होतं. या वेळी झालं नाही, फोन वाजतच राहिला. मग त्यांनी हात खाली घेतले आणि वाद्यवृंद थांबला. शास्त्रीय संगीताच्या मोठ्या सभागृहात फोन वाजणं तेव्हाही नवं नव्हतं, पण त्यासाठी चालू सिम्फनी थांबवल्याचं कुणी सहसा पाहिलेलं नव्हतं. गिल्बर्टनी पहिल्या रांगेकडे बघून फोन बंद करायला सांगितलं. कुणी हललं नाही. आम्ही थांबतो, असं म्हणून त्यांनी छडी समोरच्या स्टँडवर ठेवून दिली. मरिम्बा चालूच. आता मागच्या रांगांमधून ओरडा सुरू झाला. कुणी म्हणालं हजार डॉलर दंड करा, कुणी म्हणालं बाहेर काढा त्याला. अखेर आवाज बंद पडला. फोन नक्की बंद झालाय ना, पुन्हा वाजणार नाही ना, असं गिल्बर्टनी विचारून घेतलं आणि पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थांनी मान डोलावली.

मग गिल्बर्ट प्रेक्षकांकडे वळले आणि त्यांनीच माफी मागितली. अशा व्यत्ययाकडे दुर्लक्ष करणं बरं असतं, कारण थांबण्याने कधी कधी मूळ व्यत्ययापेक्षा जास्त रसभंग होतो. पण हा प्रकार सोडून देण्यासारखा नव्हता, असं त्यांच्या बोलण्याचं सार होतं. टाळ्या पडल्या. वादन जिथे तुटलं तिथून न जोडता त्यांनी थोडं मागे जाऊन, मोठ्या आवाजाच्या एका जागेपासून पुन्हा सुरुवात केली आणि सिम्फनी शेवटापर्यंत नेली.

दुसऱ्या दिवशी ही बातमी जगभर झाली. बहुतेक ठिकाणी ती एका बेफिकीर श्रीमंत माणसाची गोष्ट म्हणून सांगितली गेली. पहिल्या रांगेतलं महागडं तिकीट, हातात आयफोन आणि समोर संचालक उभा असताना फोन बंद न करण्याचा उद्दामपणा. मीही ती तशीच वाचली होती. पुढच्या काही दिवसांत त्या गृहस्थांची बाजू बाहेर आली आणि सगळं प्रकरण वेगळं दिसू लागलं.

फोन कुणाचा?

हे गृहस्थ साठी ओलांडलेले, दोन कंपन्या चालवणारे, आणि फिलहार्मोनिकच्या मैफलींचे अनेक वर्षांचे वर्गणीदार. इतरांचं खोकणं, भलत्या जागी टाळ्या वाजवणं यांचा त्यांना स्वतःलाच त्रास व्हायचा. कंपनीने आदल्याच दिवशी त्यांचा जुना ब्लॅकबेरी काढून घेऊन आयफोन दिला होता. मैफलीला बसण्याआधी त्यांनी तो आठवणीने सायलेंटवर टाकला होता. जे वाजलं तो कुणाचा फोन आलेला नव्हता, तो गजर होता. आयफोनच्या कडेचं आवाज बंद करायचं बटण सरकवलं की येणाऱ्या फोनची घंटी बंद होते, पण घड्याळातला गजर तरीही वाजतो. त्या फोनमध्ये गजर लावलेला आहे हेच त्यांना ठाऊक नव्हतं.

म्हणजे तो आवाज त्यांनी याआधी आपल्या खिशातून कधी ऐकलेला नव्हता. आपण फोन बंद केलाय याची त्यांना खात्री होती. त्यामुळे मरिम्बा सुरू झाल्यावर त्यांच्याही मनात तेच आलं जे आसपासच्या सगळ्यांच्या मनात आलं असेल, की हा दुसऱ्या कुणाचा तरी फोन आहे. संचालक आपल्याच दिशेने बघताहेत हे लक्षात आल्यावर शेजारचे लोक आपापले फोन चाचपू लागले, तसा त्यांनीही चाचपला, दिसतील ती बटणं दाबली, आणि आवाज थांबला. वाजणारा फोन आपलाच होता हे त्यांना घरी जाताना गाडीत कळलं.

या प्रकरणाचा खरा पेच इथे आहे असं मला वाटतं. त्या माणसाने सभ्यतेचा सांगितलेला नियम पाळला होता. फोन सायलेंटवर टाकणं एवढंच त्याच्याकडून अपेक्षित होतं आणि त्याने ते केलं होतं. पुढे काही दिवस तंत्रज्ञानावर लिहिणाऱ्या मंडळींत यावर वाद रंगला. एक बाजू म्हणत होती की आवाज बंद म्हणजे सगळेच आवाज बंद असायला हवेत. दुसरी म्हणत होती की रात्री फोन सायलेंटवर टाकून झोपणाऱ्या लाखो लोकांना सकाळी गजर वाजायलाच हवा असतो. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. पण नाट्यगृहात बसलेल्या माणसाच्या दृष्टीने त्यातून निघणारी गोष्ट एकच: सायलेंट पुरेसं नाही. फोन पूर्ण बंद करावा लागतो, आणि तो बंद करायचा तर तो कसा बंद होतो हे आधी माहीत असावं लागतं.

तीच जागा का लागली?

गिल्बर्टनी थांबायला हवं होतं का, यावर तेव्हा बरीच मतं आली. त्यासाठी ती शेवटची पानं कशी आहेत ते बघायला हवं.

मालरने ही सिम्फनी १९०९-१० मध्ये लिहिली. १९०७ साली त्याची थोरली मुलगी वारली होती आणि त्याच वर्षी त्याच्या हृदयात दोष असल्याचं निदान झालं होतं. १८ मे १९११ ला तो गेला. आपली नववी सिम्फनी त्याने कधीच ऐकली नाही. ती पहिल्यांदा वाजली जून १९१२ मध्ये, व्हिएन्नात, ब्रूनो वॉल्टरच्या संचालनाखाली. शेवटच्या पानावर फक्त तंतुवाद्यं उरतात, त्यांवरही आवाज दबवणारे म्यूट लावलेले असतात. लय इतकी मंदावते की थोड्याशा सुरांना कित्येक मिनिटं लागतात. मधेच पहिली व्हायोलिन्स मालरच्याच एका जुन्या गीतातली ओळ हळूच आठवून जातात. ते गीत मेलेल्या मुलांवरच्या शोकगीतांतलं आहे. अखेरच्या सुरावर त्याने लिहून ठेवलंय की हा सूर विझत जावा. २०१० च्या ऑगस्टमध्ये स्वित्झर्लंडमधल्या लुसर्नला संचालक क्लाउदिओ अब्बादोंनी ही सिम्फनी संपवली तेव्हा शेवटच्या सुरानंतर दोन मिनिटांहून अधिक काळ सभागृहात कुणी टाळी वाजवली नाही. त्याचं चित्रीकरण उपलब्ध आहे, आणि त्या दोन मिनिटांत लोकांचे चेहरे बघण्यासारखे आहेत.

आपल्याकडे गायक खर्जात सूर लावून थांबतो, तंबोरे तेवढे बोलत राहतात आणि सगळी बैठक श्वास धरून पुढच्या स्वराची वाट बघते, तशी ही जागा आहे. तिथली शांतता हा संगीताचाच भाग असतो आणि ती निम्मी श्रोत्यांनी वाजवायची असते. सिम्फनीच्या दुसऱ्या भागात, जिथे खेड्यातल्या नाचाचे रांगडे ठेके आहेत, तिथे तोच फोन वाजला असता तर गिल्बर्टनी बहुधा मान वळवून पुढे वाजवलं असतं, आणि तेच बरोबर ठरलं असतं. शेवटच्या पानावर मात्र पुढे वाजवायला काही उरत नाही, कारण जे वाजवायचं ते ऐकूच येत नसतं. म्हणून माझं मत गिल्बर्टच्या बाजूने आहे.

आणखी एक गोष्ट त्यांनी बरोबर केली. पुन्हा सुरुवात करताना ते थोडं मागे, भरलेल्या आवाजाच्या जागी गेले. अडीच हजार माणसं चिडलेली, कुजबुजणारी, काही हसणारी; त्यांना एकदम त्या शांततेत बसवणं शक्य नव्हतं. आधी मोठ्या आवाजाने कान भरले, मग उतरण दिली. मध्येच तुटलेलं नाटक पुन्हा उभं करणाऱ्या नटालाही हे ठाऊक असतं: थांबलेलं वाक्य पुढे न रेटता तो दोन वाक्यं मागे जातो.

मालरला स्वतःला हे प्रकरण कसं वाटलं असतं याचा अंदाज बांधायला जागा आहे. १८९७ ते १९०७ अशी दहा वर्षं तो व्हिएन्नाच्या दरबारी ऑपेराचा प्रमुख होता. उशिरा येणाऱ्यांना खेळ सुरू झाल्यावर आत सोडायचं नाही, हा नियम त्याने तिथे लावला. एखाद्या गायकाला टाळ्या मिळाव्यात म्हणून पैसे देऊन बसवलेले लोक त्याने हटवायचा प्रयत्न केला. तोवर ऑपेराला यायचं ते मधेच, गप्पा मारत, ही तिथल्या बड्या लोकांची रीत होती. पुढे १९०९ ते १९११ या काळात तो याच न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचा संचालक होता. आज आपण ज्याला सभागृहातली साधी सभ्यता म्हणतो ती अशी कुणीतरी आग्रह धरून रुजवलेली आहे.

सगळीकडे शांतताच सभ्य, असं मात्र नव्हे. ख्यालाच्या बैठकीत चांगल्या जागेला ‘वा’ गेली नाही तर गायक हिरमुसतो. बालगंधर्वांच्या काळात आवडलेल्या पदाला ‘वन्स मोअर’ न देणं हाच कोरडेपणा ठरला असता. ज्या प्रयोगाला बसलोय त्याला आपल्याकडून काय हवंय हे ओळखणं, ही समज लागते. मालरच्या शेवटच्या पानाला मौन हवं होतं.

शेजारचे काय करत होते?

आता त्या ओरडणाऱ्यांकडे येऊ, कारण या प्रकरणात मला सर्वांत जास्त खटकणारी गोष्ट ती आहे. दंड करा, बाहेर काढा, या आरोळ्या न्याय्य रागातून आल्या असतील. पण त्यांनी झालं काय? फोन एक सेकंदही लवकर थांबला नाही. उलट, जिच्यासाठी राग होता ती शांतता त्यांनीच आणखी मोडली. आणि ज्याच्या खिशात फोन होता त्याला ‘अरे, हा माझा तर नाही ना?’ असं स्वतःला विचारणं आणखी अवघड केलं. भर सभेत सगळे ज्याच्यावर तुटून पडलेत तो माणूस आपणच आहोत, हे मान्य करायला मन सहजी तयार होत नाही.

मरिम्बाचा तो गोल, टप्पे घेणारा आवाज मोठ्या सभागृहात लांबून कुठून येतोय ते कळत नाही. पण दोन खुर्च्या पलीकडच्याला कळतं. त्याने हळूच दंडाला स्पर्श करून कोटाच्या खिशाकडे बोट दाखवलं असतं तर? तुमचा आहे, रागावून नव्हे, नुसतं तुमचा आहे. कदाचित कुणी केलंही असेल. तसं कुठे नोंदलेलं मात्र माझ्या वाचनात नाही. सभागृहातल्या कर्मचाऱ्यांनी काही का केलं नाही असंही विचारलं गेलं. पहिल्या रांगेच्या मध्यापर्यंत कर्मचारी पोचायचा म्हणजे पाच-सहा जणांना उठवावं लागतं, तेही वादकांच्या डोळ्यांसमोर. शेजाऱ्याला तेच काम नुसता हात पुढे करून जमतं.

आपल्या नाट्यगृहांत याचंच एक रूप नेहमी बघायला मिळतं. एखाद्या आजींचा फोन पर्समध्ये वाजू लागतो. पर्स खुर्चीखाली, पर्समध्ये कापडी पिशवी, पिशवीत औषधांचं पाकीट, चष्म्याची डबी, किल्ल्या आणि सगळ्यांत तळाला फोन. पहिली चेन उघडतात, ती चुकीची. तोवर तीन बाजूंनी ‘श्शू’ आणि मागून एक जोरदार ‘अहो, बंद करा की!’ आजींचे हात कापायला लागतात आणि फोन सापडायला आणखी वेळ लागतो. सापडला तरी तो बंद करायच्या घाईत उचलला जातो, आणि पलीकडून मुलीचा आवाज पूर्ण रांगेला ऐकू येतो. अशा वेळी शेजारच्या कुणी पर्स आपल्या मांडीवर घेऊन धरली, ‘सावकाश काकू, आधी बाजूचं बटण दाबा’ एवढं कानात सांगितलं, की दहा सेकंदांत सगळं शांत होतं. मी हे पाहिलेलं आहे, आणि तसं करणारी माणसं बहुतेकदा प्रयोगाला रुळलेली, दर महिन्याला नाटक बघणारी असतात.

त्याच जानेवारीत आणखी एक चित्रफीत जगभर फिरली. स्लोव्हाकियातल्या प्रेशोव्ह गावच्या ज्यूंच्या प्रार्थनामंदिरात लुकाश क्मीत हा व्हायोला वाजवणारा कलाकार एकट्याने वाजवत होता. नोकियाची धून वाजली. तो थांबला, किंचित बघितलं, आणि तीच धून व्हायोलावर घेऊन तिच्यावर छोटीशी बढत करून दाखवली. लोक हसले, टाळ्या झाल्या. अनेकांनी तेव्हा गिल्बर्टना सुनावलं की असं करायला हवं होतं. मला ही तुलना पटत नाही. एकटा वादक दोन तुकड्यांच्या मध्ये मोकळा असतो. शंभराच्या आसपास वादक हातात धरून मालरच्या अखेरच्या पानावर उभा असलेला संचालक मरिम्बाशी जुगलबंदी करू शकत नाही, आणि करूही नये. क्मीतच्या वागण्यातून घेण्यासारखं काही असेल तर ते हे, की त्याने फोनवाल्याला वाचवलं. तो माणूस हसणाऱ्या गर्दीत मिसळून गेला.

कायदा, जॅमर आणि आपण

न्यूयॉर्क शहरात २००३ पासून नाट्यगृहात आणि संगीत सभागृहात प्रयोगाच्या वेळी फोन वाजू देण्याला ५० डॉलरचा दंड आहे. महापौर मायकल ब्लूमबर्ग यांचा नकार डावलून नगर परिषदेने तो कायदा केला होता. त्या रात्री हा कायदा जवळजवळ नऊ वर्षांचा होता आणि त्याचा काडीचाही उपयोग झाला नाही, कारण जो आपला फोन बंद आहे असं समजून बसलाय त्याला दंडाची भीती घालून काय होणार?

मराठी रंगभूमीवर हाच विषय २०१९ च्या जुलैमध्ये पेटला. नाशिकच्या प्रयोगात सतत वाजणाऱ्या फोनमुळे सुमीत राघवन यांनी प्रयोग थांबवला, आणि हे असंच चालणार असेल तर नाटकात काम करणं थांबवावं लागेल, असं सुबोध भावे यांनी जाहीरपणे लिहिलं. त्यांचा राग रास्त होता. त्या वेळी नाट्यगृहात जॅमर, म्हणजे मोबाइलचं नेटवर्क अडवणारं यंत्र, बसवण्याची मागणी पुढे आली. आपल्याकडे जॅमर कुणीही उठून बसवू शकत नाही, त्याला केंद्र सरकारची परवानगी लागते. ती मिळाली तरी डॉक्टर, रुग्णालयात आईला ठेवून दोन तास बाहेर पडलेली मुलगी, अशा माणसांचं काय, हा प्रश्न राहतोच. आणि मालरच्या रात्रीचा पुरावा तर सरळ समोर आहे. जॅमर येणारा फोन अडवतो. गजराला नेटवर्क लागत नाही. एव्हरी फिशरमध्ये जॅमर असता तरी तो मरिम्बा वाजलाच असता.

यंत्राने आणि दंडाने जे होणार नाही ते फिलहार्मोनिकने पुढच्या दिवसांत फार समजुतीने केलं. आसन वर्गणीदाराचं असल्याने गृहस्थ कोण आहेत हे त्यांना ठाऊक होतं. कार्यालयातून फोन गेला आणि असं पुन्हा होऊ देऊ नका, एवढंच नम्रपणे सांगण्यात आलं. त्यांचं नाव बाहेर फुटू दिलं नाही. वर्तमानपत्रातही ते निनावीच राहिले. गिल्बर्टशी बोलायची इच्छा त्या गृहस्थांनीच दाखवली, फोनवर माफी मागितली, आणि गिल्बर्टनी ती स्वीकारली. घडल्या प्रकाराने त्यांची झोप उडाली होती. संस्थेचे अध्यक्ष तेव्हा झरीन मेहता होते, मूळचे मुंबईचे, झुबिन मेहतांचे धाकटे भाऊ. त्या फोनमागे त्यांचा शब्द किती होता हे मी सांगू शकत नाही, पण ते नेतृत्व करत असलेल्या संस्थेने एका रसिकाला चव्हाट्यावर आणण्याऐवजी आपल्याकडे राखला, हे मला या प्रकरणातलं सर्वांत सभ्य वर्तन वाटतं. भर चौकात नाव घेऊन धडा शिकवला असता तर तो माणूस बहुधा पुन्हा मैफलीला आला नसता.

आपल्या नाट्यगृहांना आणि संगीत मंडळांना यातून लगेच करता येण्यासारखं काही आहे. ‘कृपया आपले मोबाइल बंद किंवा सायलेंट करा’ या घोषणेतून ‘किंवा सायलेंट’ हे शब्द काढून टाकावेत आणि गजराचा उल्लेख स्पष्ट करावा. घोषणेनंतर अर्धा मिनिट दिवे तसेच ठेवावेत, म्हणजे चष्मा लावून, बटण शोधून फोन बंद करायला ज्येष्ठांना वेळ मिळेल. ज्यांना फोन चालू ठेवणं भागच आहे त्यांनी तिकीट काढतानाच कडेची खुर्ची मागावी आणि बुकिंगवरच्या माणसाने ती कुरकुर न करता द्यावी. आणि ही घोषणा मध्यंतरानंतर पुन्हा व्हावी. वडा-चहाच्या त्या पंधरा मिनिटांत निम्म्या सभागृहाचे फोन पुन्हा चालू झालेले असतात, आणि बऱ्याच ठिकाणी दुसऱ्या अंकाआधी कुणी काही सांगत नाही.